आरटीएल ८१३९ चा ड्रायव्हर: पहिलेच पॅकेट पुन्हा पुन्हा का येते?

पाटीपेन्सिल

नमस्कार. एमआयटीमध्ये कार्यप्रणाली शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही छोटी युनिक्ससारखी प्रणाली इथल्या अनेकांना माहीत असेल. तिच्या जुन्या, एक्स८६ वर चालणाऱ्या आवृत्तीत नेटवर्कचा भागच नाही. गेले दोन महिने मी तिच्यासाठी रिअलटेकच्या आरटीएल ८१३९ या एथरनेट चिपचा ड्रायव्हर लिहीत आहे. ही चिप निवडली, कारण तिची डेटाशीट सहज मिळते आणि क्यूएमू या एम्युलेटरमध्ये ती तयार आहे. शिवाय लॅमिंग्टन रोडवर जुन्या सुट्या भागांमध्ये तिचे एक पीसीआय कार्डही मला मिळाले, त्यामुळे क्यूएमूमध्ये जमले की तोच ड्रायव्हर प्रत्यक्ष यंत्रावर चालवून पाहायचा आहे.

आतापर्यंत झालेले काम असे. पीसीआय बसवर १०ईसी हा विक्रेता क्रमांक आणि ८१३९ हा उपकरण क्रमांक (दोन्ही हेक्स) शोधून कार्ड सापडते. कार्डाला स्वतःहून मेमरीत लिहिता-वाचता यावे म्हणून पीसीआय कमांड रजिस्टरमधला बस मास्टरचा बिट मी चालू करतो, कार्ड रीसेट करतो, पहिल्या सहा बाइटांतून मॅक पत्ता वाचतो, आणि येणाऱ्या पॅकेटांसाठीच्या बफरचा भौतिक पत्ता कार्डाला देतो. हा बफर ८१९२ अधिक १६ बाइटांचा आहे. एक्सव्ही६ चे केअॅलॉक एका वेळी ४०९६ बाइटांचे एकच पान देते आणि दोन पाने लागोपाठची मिळतील याची खात्री नसते, म्हणून बफर कर्नलमध्येच स्थिर अॅरे म्हणून ठेवला आहे. कर्नलची प्रतिमा भौतिक मेमरीत सलग उतरत असल्याने तो सलग राहतो.

पाठवणे चालते. मी एआरपी विचारणा (अमुक आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता, हा प्रश्न) पाठवतो, क्यूएमू तिचे उत्तर देतो, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा) येतो आणि उत्तराचे पॅकेट बरोबर वाचले जाते. त्यानंतर मात्र वाचण्याचे आवर्तन थांबतच नाही. बफर रिकामा झाल्याचा बिट कधीच लागत नाही, शून्य लांबीची असंख्य पॅकेटे दिसत राहतात, आणि काही वेळाने तेच पहिले एआरपी उत्तर पुन्हा येते, मग पुन्हा शून्ये, पुन्हा तेच उत्तर. कार्ड जुने पॅकेट पुन्हा पाठवत नसणार हे कळते, पण माझी चूक कुठे आहे ते सापडत नाही.

सांधेबदल

कुठवर वाचले ते कार्डाला कळवणाऱ्या सीएपीआर या रजिस्टरमध्ये आपण नेमकी कोणती संख्या लिहिता, ते सांगाल का?

पाटीपेन्सिल

पॅकेट वाचून झाल्यावर पुढच्या पॅकेटाची जागा काढतो आणि तीच लिहितो. पहिले पॅकेट चार बाइटांच्या सीआरसीसह (मजकूर बिघडला का ते तपासण्याच्या संख्येसह) ६४ बाइटांचे येते, त्याच्या आधी कार्डाने ठेवलेले चार बाइटांचे शीर्ष असते, म्हणजे एकूण ६८. ही संख्या चारच्या पटीत आहेच. त्यामुळे ६८ लिहितो.

सांधेबदल

मग कारण सापडले. तिथे ५२ लिहायला हवे. या चिपमध्ये सीएपीआरची किंमत आपल्या खऱ्या वाचन-स्थानापेक्षा नेहमी १६ ने कमी ठेवावी लागते. डेटाशीटमध्ये हे ठळकपणे सांगितलेले नाही, पण त्याची खूण तिथेच आहे: रीसेटनंतर या रजिस्टरची आरंभीची किंमत एफएफएफ० दिली आहे, म्हणजे सोळा बिटांत उणे १६. वाचन शून्यापासून सुरू होणार असताना रजिस्टर उणे १६ वर उभे असते, हे लक्षात आले की वजाबाकीचा उलगडा होतो. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्हींच्या ड्रायव्हरमध्ये आपल्याला हीच वजाबाकी दिसेल.

आता आपल्याला दिसलेले लक्षण याच्याशी कसे जुळते ते पाहा, कारण ते फार बोलके आहे. कार्डाच्या लेखी आपण ६८ पर्यंत नव्हे, तर ८४ पर्यंत वाचले आहे. कार्डाचे लेखन-स्थान मात्र ६८ वर आहे. ही दोन स्थाने एकमेकांना मिळाली तरच कार्ड बफर रिकामा असल्याचा बिट लावते. ती मिळालेलीच नाहीत, म्हणून बिट लागत नाही. आपला ड्रायव्हर ६८ व्या बाइटापासून शीर्ष वाचतो, तिथे कोरी मेमरी असल्याने लांबी शून्य मिळते, आणि शीर्षाचे चार बाइट धरून तो ७२ वर जातो, मग ७६ वर. असे चार-चार बाइटांनी सरकत तो ८१९२ ला पोचतो, वळून शून्यावर येतो, आणि तिथे जुने एआरपी उत्तर जसेच्या तसे पडलेले असल्याने ते पुन्हा वाचतो. तिथून तो थेट ६८ वर उडी घेतो, म्हणजे ज्या ५२ या संख्येवर हे आवर्तन थांबले असते ती मध्ये कधी येतच नाही.

याबरोबर आणखी एक गोष्ट करा. प्रत्येक शीर्षातला पॅकेट नीट आल्याचा बिट तपासल्याशिवाय आणि लांबी ६४ ते १५१८ यांच्या दरम्यान आहे हे पाहिल्याशिवाय पॅकेट वरच्या थराकडे सोपवू नका. कार्डाने मेमरीत ठेवलेल्या लांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा ड्रायव्हर आज ना उद्या कर्नलची मेमरी बिघडवतो.

पाटीपेन्सिल

१६ वजा केले आणि आवर्तन थांबले. मनापासून आभार. डेटाशीटमधली ती आरंभीची किंमत मी अनेकदा वाचली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

आता छोटे पिंग (उत्तर मागणारे चाचणीचे पॅकेट) अखंड चालते. मोठे, म्हणजे १४०० बाइटांचे पिंग केले की पाच उत्तरे बरोबर येतात आणि सहाव्याची चेकसम चुकते, त्यापुढची पुन्हा बरोबर. हे इतके नियमित आहे की चूक माझीच आहे यात मला शंका नाही.

रात्रपाळी

१४०० बाइटांच्या पिंगचा हिशेब मांडा. १४०० मध्ये आयसीएमपी या पिंगच्या संदेशाच्या शीर्षाचे ८ बाइट, आयपीचे २०, एथरनेटचे १४ आणि सीआरसीचे ४ मिळून १४४६ होतात. कार्डाच्या शीर्षाचे ४ धरून १४५०, आणि चारच्या पटीत आणल्यावर १४५२. अशी पाच पॅकेटे ७२६० बाइटांत बसतात. सहावे ८१९२ ची हद्द ओलांडते, म्हणून त्याचा उरलेला भाग कार्ड बफरच्या आरंभी नेऊन ठेवते. आपण मात्र सलग वाचत पुढे जाता, त्यामुळे शेपटीच्या जागी भलतेच बाइट मिळतात.

यावर दोन उपाय आहेत. एक तर अशा पॅकेटाची नक्कल दोन तुकड्यांत करावी, किंवा रिसीव्ह कॉन्फिगरेशन रजिस्टरमधला रॅप नावाचा बिट लावावा. तो लावला की कार्ड हद्द ओलांडणारे पॅकेट न तोडता बफरच्या टोकापलीकडे सलग लिहिते, आणि त्यापुढचे पॅकेट मात्र ८१९२ ने भागून उरणाऱ्या जागीच ठेवते. याची किंमत म्हणजे बफरच्या मागे १५०० बाइटांची जादा जागा राखणे, म्हणजे एकूण ९७०८ बाइट. बिट लावला आणि ती जागा राखली नाही, तर बफरनंतर मेमरीत जे काही असेल त्यावर कार्ड लिहील, आणि तो बिघाड नेटवर्कशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी उगवेल; असा बिघाड शोधण्यात माझा एकदा संपूर्ण आठवडा गेला आहे. बफर ६४ केबीचा निवडला तर हा बिट लागू होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

अनुस्वार

चर्चा चांगली चालली आहे, तरी धागाकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. शिकण्यासाठी ही चिप योग्य आहे का, याचा विचार व्हावा. फ्रीबीएसडीसाठी आरएल हा ड्रायव्हर बिल पॉल यांनी लिहिला, तो फ्रीबीएसडी ३.० मध्ये आला, आणि त्याच्या स्रोताच्या सुरुवातीलाच त्यांनी या चिपबद्दलचे आपले मत अत्यंत कडक शब्दांत नोंदवले आहे. स्वस्तातल्या पीसीआय एथरनेट चिपांमध्येही ते हिला जवळजवळ तळाला बसवतात. त्यांची कारणे तांत्रिक आहेत आणि ती मला पटतात.

येणाऱ्या बाजूला एकच सलग बफर असल्यामुळे प्रत्येक पॅकेटाची नक्कल करावीच लागते, कारण मूळ जागा कार्डाला लवकर परत दिली नाही तर बफर भरतो. जाणाऱ्या बाजूला फक्त चार जागा आहेत, त्या ठरलेल्या क्रमानेच वापराव्या लागतात, आणि प्रत्येक पॅकेट चार बाइटांच्या हद्दीवर सुरू होणाऱ्या एका सलग तुकड्यात असावे लागते. बीएसडीमध्ये पॅकेट एमबफ नावाच्या छोट्या बफरांच्या साखळीत विखुरलेले असते, त्यामुळे पाठवतानाही पुन्हा नक्कल करणे भाग पडते. शंभर मेगाबिटांच्या तारेवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जातात. आजच्या प्रोसेसरला तेवढी नक्कल जाणवणारही नाही, पण १९९८ च्या सुमाराच्या पेंटियमवर तो खरोखरचा भार होता.

याउलट एक्सव्ही६ च्या नव्या आवृत्तीवर एमआयटीच्या विद्यार्थ्यांना जो स्वाध्याय दिला जातो, तो इंटेलच्या ई१००० या कार्डाचा आहे. तिथे डिस्क्रिप्टरांचे कडे असते. प्रत्येक डिस्क्रिप्टर १६ बाइटांचा असतो आणि त्यात एका स्वतंत्र बफरचा पत्ता असतो. पॅकेट आले की कार्ड त्या डिस्क्रिप्टरमध्ये काम झाल्याचा बिट लावते, ड्रायव्हर तो भरलेला बफर उचलून तसाच वरच्या थराला देतो आणि त्याच्या जागी नवा कोरा बफर ठेवतो, त्यामुळे नक्कल करावी लागत नाही. आज वापरात असलेली बहुतेक सगळी कार्डे याच पद्धतीने चालतात. रिअलटेकनेही ८१३९सी प्लस आणि ८१६९ या पुढच्या चिपांमध्ये डिस्क्रिप्टर आणले, आणि फ्रीबीएसडीमध्ये त्यांच्यासाठी आरई हा वेगळा ड्रायव्हर लिहिला गेला.

पाटीपेन्सिल

रॅप बिट लावून आणि जादा जागा राखून मोठे पिंगही ठीक झाले. रात्रपाळी, आपले आभार.

अनुस्वार, आपल्या म्हणण्याचा मी आदर करतो आणि ई१००० चा स्वाध्याय मी केलेला आहे. तिथे सुरुवातीची सगळी मांडणी तयार मिळते आणि विद्यार्थ्याने पाठवण्याचे व घेण्याचे अशी दोन फंक्शने पूर्ण करायची असतात. ती पूर्ण झाल्यावरही, आत्ता हे पान कार्डाचे आहे की माझे, हा प्रश्न मला स्वतःला पडलाच नव्हता, कारण डिस्क्रिप्टरच्या रचनेने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. ८१३९ मध्ये ते उत्तर मला दोन संख्यांच्या वजाबाकीतून काढावे लागले. सीएपीआर म्हणजे इथपर्यंतची मेमरी मी कार्डाला परत केली असे माझे निवेदन आहे, आणि ते मी चुकीचे केले तर कार्ड त्यावर विश्वास ठेवून वागते, ही गोष्ट मला पहिल्या बिघाडातून जितकी स्पष्ट झाली तितकी पुस्तकातून झाली नव्हती. म्हणून वेगासाठी ही चिप कोणी निवडू नये हे मान्य करूनही, शिकण्यासाठी तिचा मला पश्चात्ताप होत नाही.

उंबरठा

धागाकर्त्यांशी सहमत. ताब्याचा हा प्रश्न पाठवण्याच्या बाजूला अधिक सरळ दिसतो. चारही जागांच्या स्थिती-रजिस्टरांत तेरावा बिट, ओन नावाचा, असतो. ड्रायव्हरने लांबी लिहून हा बिट शून्य केला की जागा कार्डाची होते. कार्डाने पॅकेट आपल्या आतल्या रांगेत ओढून घेतले की ते हा बिट पुन्हा लावते. पॅकेट तारेवर नीट गेल्याची खूण मात्र पंधराव्या बिटात येते. जागा पुन्हा वापरण्याआधी या पंधराव्या बिटाची वाट पाहावी, कारण जुन्या हबवर अर्धद्विमार्गी जोडणीत (दोघांनी एकाच वेळी पाठवल्याने होणाऱ्या) १६ टकरींनंतर कार्ड पाठवणे सोडून देते. त्यानंतर ट्रान्समिट कॉन्फिगरेशन रजिस्टरमधला शून्य क्रमांकाचा बिट लावूनच ते पॅकेट पुन्हा पाठवता येते, आणि तोवर त्यातला मजकूर जागेवर राहायला हवा.

आणखी एक विचारतो. एक्स८६ सोडून दुसऱ्या प्रोसेसरवर हा ड्रायव्हर न्यायचा विचार आहे का? तसे असेल तर कॅशचा प्रश्न उभा राहील. अनेक एआरएम यंत्रांवर कार्डाने मेमरीत लिहिलेले प्रोसेसरला आपोआप दिसत नाही. बीएसडी प्रणालींमध्ये यासाठी बसडीएमए नावाची सोय आहे. तिच्यात कार्डाला बफर देण्याआधी आणि परत घेतल्यावर मेमरी जुळवून घेण्याचे स्पष्ट आवाहन करावे लागते. म्हणजे आपण ज्याला निवेदन म्हणालात, ते तिथे अक्षरशः एका फंक्शनच्या रूपात लिहिलेले आहे.

पाटीपेन्सिल

सध्या एक्स८६ पुरतेच. कार्ड काल प्रत्यक्ष यंत्रात बसवले. क्यूएमूमध्ये निर्दोष चाललेला तोच ड्रायव्हर इथे मुका आहे. कार्डावरचा दिवा लागतो, पाठवल्याचा बिट लागतो, पण स्विचच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लॅपटॉपवर, तारेवरची पॅकेटे दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये, माझी एआरपी विचारणा दिसत नाही. लॅपटॉपची प्रसारित पॅकेटे मला मात्र नीट मिळतात.

सांधेबदल

आपली एआरपी विचारणा किती बाइटांची जाते? १४ अधिक २८ म्हणजे ४२ असेल, तर ती स्विचनेच टाकून दिली आहे. एथरनेटची फ्रेम सीआरसीसह किमान ६४ बाइटांची, म्हणजे सीआरसी वगळता ६० बाइटांची असावी लागते, आणि त्याहून आखूड फ्रेम तुटकी समजून स्विच पुढे पाठवत नाही. क्यूएमूच्या आभासी जाळ्यात तार नाही आणि टकरीही नाहीत, त्यामुळे ४२ बाइट तिथे बिनतक्रार स्वीकारले जातात. अनेक कार्डे आखूड फ्रेम स्वतः भरून काढतात, पण ८१३९ तसे करत नाही. ते काम ड्रायव्हरचे आहे.

भरताना मात्र ते १८ बाइट न चुकता शून्याने भरा. नुसती लांबी ६० लिहून मोकळे झालात, तर आधीच्या पॅकेटाचे उरलेले बाइट तारेवर जातील. ही भीती कल्पित नाही. जानेवारी २००३ मध्ये उघड झालेला आणि सीव्हीई-२००३-०००१ या क्रमांकाने नोंदलेला दोष हाच होता. अनेक प्रणालींचे एथरनेट ड्रायव्हर आखूड फ्रेम जुन्या मेमरीने भरत होते, आणि समोरच्याला साध्या पिंगच्या उत्तरातून कर्नलच्या मेमरीचे तुकडे वाचता येत होते.

पाटीपेन्सिल

नेमके ४२ च होते. नक्कल करण्याआधी जागा शून्याने पुसून लांबी किमान ६० केली, आणि पहिल्याच प्रयत्नात लॅपटॉपवर विचारणा दिसली, उत्तर आले, पिंगही चालले. दोन महिन्यांनंतर स्वतः लिहिलेल्या कोडचे पॅकेट खऱ्या तारेवरून जाताना पाहिले, तेव्हा फार आनंद झाला.

एकच गोष्ट उरली आहे. यूएसबी कळफलक जोडला की यंत्र कधी कधी गोठते. पीसीआयच्या यादीत यूएसबीचा नियंत्रक आणि हे कार्ड यांची इंटरप्टची तार एकच दिसते.

रात्रपाळी

पीसीआयच्या इंटरप्टची तार सामाईक असते आणि ती पातळीवर चालते, म्हणजे कोणतेही एक उपकरण तिला धरून असेपर्यंत इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो. आपल्या हँडलरने आधी ८१३९ चे इंटरप्ट स्थितीचे रजिस्टर वाचावे. ते शून्य असेल तर हा इंटरप्ट आपला नाही असे सांगून लगेच परतावे. शून्य नसेल तर जे बिट लागलेले दिसले, तेच परत त्या रजिस्टरमध्ये लिहून ते मिटवावेत, आणि हे मिटवणे पॅकेटे वाचण्याच्या आधी करावे. नंतर केले तर मधल्या क्षणी आलेल्या पॅकेटाची खूणही पुसली जाते. कळफलकाचा इंटरप्ट मात्र आपल्या कर्नलमध्ये कोणीच शांत करत नसेल, तर यंत्र गोठणारच. एक्सव्ही६ मध्ये यूएसबीचा ड्रायव्हर नाही, म्हणून सुरुवातीलाच त्या नियंत्रकाच्या पीसीआय कमांड रजिस्टरमधला दहावा बिट लावून त्याचा इंटरप्ट बंद ठेवा. नियंत्रक जुना असेल आणि तो बिट मानत नसेल, तर कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहा, बहुधा वेगळी तार मिळेल.

अनुस्वार

याला जोडून पुढच्या टप्प्यासाठी एक सूचना. शंभर मेगाबिटांच्या तारेवर सर्वांत आखूड फ्रेम लागोपाठ आल्या तर सेकंदाला सुमारे १,४८,८१० फ्रेम येतात. प्रत्येकीसाठी एक इंटरप्ट घेतला, तर प्रोसेसर फक्त हँडलरमध्येच अडकतो आणि एकही पॅकेट वरपर्यंत पोचत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी ही अवस्था १९९६ मध्ये मोजून दाखवली होती. लिनक्समधल्या एनएपीआयने त्यावर काढलेला मार्ग असा: पहिल्या इंटरप्टला कार्डाचे इंटरप्ट बंद करायचे, मग बफरमधून एका फेरीत ठरावीक संख्येइतकी, साधारणपणे ६४, पॅकेटे वाचायची, आणि बफर रिकामा झाला तरच इंटरप्ट पुन्हा चालू करायचे. आपल्या ड्रायव्हरमध्ये हे इंटरप्ट मास्क रजिस्टरच्या दोन लेखनांत जमेल.

पाटीपेन्सिल

यूएसबी नियंत्रकाने दहावा बिट मानला. कळफलक जोडून रात्रभर पिंग चालू ठेवले, यंत्र एकदाही गोठले नाही आणि एकही उत्तर हुकले नाही. स्थितीचे रजिस्टर मी खरोखरच पॅकेटे वाचल्यानंतर पुसत होतो. तो क्रमही बदलला आहे. इंटरप्ट बंद करून वाचण्याची पद्धत या शनिवारी घालतो, आणि आखूड फ्रेमांचा मारा करून किती पॅकेटे वरपर्यंत पोचतात ते आधीचे आणि नंतरचे आकडे इथेच लिहितो.